सोळाशे मीटर, गोळा आणि सोयाबीनची पोती : भरतीच्या एका तयारीचं प्रकरण

ज्याचं हे प्रकरण आहे त्याला इथे सागर म्हणू. खरं नाव वेगळं आहे. गावाचं नावही सांगत नाही. लातूर भागातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. मी तिथल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होतो आणि पहाटे मैदानावर भरतीच्या पोरांची बॅच घेतो. आकडे आम्ही ठेवलेल्या वहीतले आहेत. लिहू का, असं सागरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लिहा सर, पण ऑक्टोबरचं पण लिहा." ऑक्टोबरची चूक माझी होती. ती खाली येईलच.

पार्श्वभूमी

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20 गुण, 100 मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. गोळा 7.260 किलोचा. सोळाशे 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत, शंभर साडेअकरा सेकंदांच्या आत आणि गोळा साडेआठ मीटरवर, असं जमलं तर पैकीच्या पैकी. त्याखाली पायरीपायरीने गुण उतरत जातात. मैदानात निम्मे गुण तर हवेतच, पण तेवढ्याने भागत नाही. जागांच्या दहापट मुलंच 100 गुणांच्या लेखीला बोलावली जातात, त्यामुळे जिल्ह्याची यादी कुठे थांबते ते महत्त्वाचं.

गावात भरती म्हणजे पळणं असंच समजतात. पहाटे रस्त्याने पोरांची रांग दिसली की लोक म्हणतात, भरतीची पोरं चालली. प्रत्यक्षात 50 पैकी 30 गुण जोर आणि झटका लागणाऱ्या दोन प्रकारांत आहेत, आणि दमाचे फक्त 20. पण मुलं सर्वांत जास्त गुण घालवतात ते या विसातच. पळण्याला वजन कमी हवं आणि गोळ्याला अंगात ताकद हवी, आणि दोन्ही एकाच शरीरातून काढायचं. जिमला जाणाऱ्या नोकरदाराला वजनं उचलावीत की पळावं हा प्रश्न चवीपुरता असतो. इथे त्याला गुण लावलेले आहेत.

सागर 22 वर्षांचा, उंची 171 सेंटीमीटर. जानेवारी 2023 मध्ये तो पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हा वजन 81 किलो. दोन वर्षं गावातल्या जिममध्ये घातलेली, 120 किलोची बैठक काढायचा. त्या दिवशी गोळा 8.90 मीटर गेला आणि सोळाशेला लागले 6 मिनिटं 38 सेकंद. शंभर मीटर 13.9. शेवटच्या फेरीत तो चालत होता, असं त्याच्याबरोबरची पोरं सांगतात. नाव यादीत आलं नाही.

पहिली चूक, त्याची स्वतःची

चिडून त्याने जिम सोडली आणि फेब्रुवारीपासून रोज आठ-दहा किलोमीटर डांबरी रस्त्यावर पळायला लागला. रोज एकाच वेगाने, धाप लागेल इतकं जोरात, पण सोळाशेच्या वेगापेक्षा बरंच हळू. वजन उतरवायचं म्हणून रात्रीची भाकरी बंद केली. चार महिन्यांत वजन 73 वर आलं, सोळाशे 5:58 ला आलं. घरचे म्हणाले, पोरगं वाळलं, पण पळतंय.

जूनमध्ये माझ्याकडे आला तेव्हा मी आधी गोळा हातात दिला. 7.60 मीटर. पुन्हा टाकायला लावला. 7.55. शंभर मीटर 13.8, म्हणजे आठ किलो उतरवूनही फक्त एक दशांश सेकंद. दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखत होत्या, सकाळी उठल्यावर पाय टेकवताना जास्त. एका हाताने मिळवलं आणि दुसऱ्या हाताने घालवलं, अशी गत.

नडगी दाबून पाहिली. बोटभर जागेत हाडावर टोचल्यासारखं दुखत असतं, किंवा रात्री झोपेत ठणकत असतं, तर त्याला आधी एक्स-रेला पाठवलं असतं. त्याचं दुखणं वीतभर पसरलेलं होतं. दोन आठवडे पळणं बंद केलं, सायकल दिली, आणि नंतर डांबर सोडून पाझर तलावाकडच्या मातीच्या रस्त्यावर आणलं. पोरांचे निम्मे पाय डांबराने जातात, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी नवी पोरं डांबरावरच दिसतात.

पर्याय काय होते

त्या दोन आठवड्यांत आम्ही वही उघडून बसलो. चार रस्ते समोर होते.

पहिला, अकॅडमीचा रस्ता: सहा दिवस सकाळी पळणं आणि संध्याकाळी वजनं, रोज सगळं थोडं थोडं. गावातल्या बहुतेक पोरांचं हेच चालतं. दुसरा, तुकडे पाडायचे: चार महिने फक्त पळणं, मग चार महिने फक्त ताकद. तिसरा, सोळाशेवर पाणी सोडायचं आणि गोळा-शंभरमध्ये पूर्ण गुण काढायचे. चौथा रस्ता सागरच्या मित्राने सुचवला होता, इंजेक्शनचा. त्यावर मी एवढंच म्हणालो की ते घ्यायचं असेल तर उद्यापासून मैदानावर येऊ नकोस. विषय तिथेच संपला.

तिसरा रस्ता हिशेबात बसेना. साडेअकरा सेकंदांत शंभर मीटर पळणारा मुलगा तालुक्यात एखादाच सापडतो. तेरा-चौदावाल्याला तिथे पोचवायला एक वर्ष पुरत नाही. दुसरा तर सागर नकळत करून बसला होता: चार महिने फक्त पळला आणि गोळा सव्वा मीटरने मागे आला.

पहिल्याबद्दल मात्र मला थांबून विचार करावा लागला, कारण मी स्वतः वर्षानुवर्षं पोरांना तेच करायला लावत होतो. अमेरिकेतल्या रॉबर्ट हिक्सन यांचा 1980 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या विषयात अजूनही सांगितला जातो. हिक्सन स्वतः वजनं उचलणारे. प्रयोगशाळेतल्या वरिष्ठांबरोबर रोज पळायला लागल्यावर आपली ताकद उतरतेय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यातून हा प्रयोग उभा राहिला. तीन गट: एक फक्त ताकदीचा, एक फक्त दमाचा, एक दोन्हींचा. दहा आठवडे. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सहा-सात आठवडे बरोबरीने वाढली, मग थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत उतरायला लागली. दम मात्र त्यांचा छान वाढला. हा प्रयोग फार कडक होता, जवळजवळ रोज दोन्ही व्यायाम. नंतरच्या अभ्यासांनी चित्र बरंच सौम्य केलं. 2022 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात दिसलं की दोन्ही एकत्र केल्याने स्नायूंची वाढ आणि जास्तीत जास्त ताकद यांना फारसा धक्का लागत नाही. थोडा फटका बसतो तो झटक्याच्या ताकदीला, आणि तोही जास्त करून दोन्ही व्यायाम एकाच सत्रात उरकले तर.

आमच्यासाठी हीच गोम होती. गोळा आणि शंभर मीटर हे दोन्ही झटक्याचे खेळ. आणि आमची पोरं काय करतात? सात किलोमीटर पळून येतात आणि घाम न पुसता थेट गोळा हातात घेतात.

काय ठरलं

ठरवलं ते असं. कठीण कामं एकाच दिवशी, पण सकाळ-संध्याकाळ फोडून. सोपा दिवस खरंच सोपा. ताकद वाढवायची नाही, गेलेली परत आणून टिकवायची, आणि त्याला आठवड्यातून दोन जड सत्रं पुरतात. बाकी सगळा जोर सोळाशेवर.

सोमवारी पहाटे 400 मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येकी 86 सेकंदांत, मध्ये अडीच मिनिटं विश्रांती. त्याच संध्याकाळी बैठका, रोमानियन डेडलिफ्ट (कंबरेतून वाकून दांडा उचलणं) आणि खांद्यावरून वर ढकलायचा दांडा. चार-पाचच्या वर आवर्तनं नाहीत. मंगळवारी गप्पा मारता येतील अशा वेगाने पाच किलोमीटर. बुधवारी ताज्या पायांनी 30 आणि 60 मीटरच्या दौडी, लगेच गोळा, संध्याकाळी छोटं वजनाचं सत्र. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी वीस मिनिटं जरा नेटाने, शनिवारी आठ किलोमीटर आरामात. रविवारी झोप.

मंगळवार आणि शनिवारवरून आमची भांडणं झाली. "सर, एवढं हळू पळून काय होणार? म्हाताऱ्या माणसासारखं वाटतंय." चार महिने तो रोज ज्या वेगाने पळत होता तो ना सोपा होता ना सोळाशेच्या कामाचा, रोज दमवत होता आणि काही शिकवत नव्हता. मी त्याला मंगळवारी एका दहावीच्या पोराबरोबर पळायला लावलं आणि सांगितलं, याला इतिहासाचा एक धडा समजावून सांगत पळ. बोलणं तुटलं की वेग कमी कर.

रात्रीची भाकरी परत सुरू झाली. चार अंडी, अर्धा लिटर दूध, मोड आलेले मूग, शेंगदाणे. पावडरीचा डबा आणू का, असं त्याने दोनदा विचारलं. त्या पैशात बूट घे, म्हटलं.

सप्टेंबरअखेर वजन 75, गोळा 8.25, सोळाशे 5:41. वही पाहून मी खूश होतो.

ऑक्टोबर

दसऱ्याच्या आसपास सगळं उलटं फिरलं. सोळाशे 5:52. सोमवारच्या फेऱ्यांमध्ये चौथीलाच 90 सेकंद लागायला लागले. सकाळी उठल्यावरची नाडी 58 वरून 70 वर गेली होती, ती वहीत तो स्वतः लिहीत होता आणि मी रोज पाहत होतो. बारीकसारीक गोष्टींवरून चिडायचा. मला वाटलं, दम कमी पडतोय. मी सोमवारच्या सहाच्या आठ फेऱ्या केल्या.

दोन आठवडे असेच गेले. मग एक दिवस माझं स्वतःचं सोयाबीन घेऊन मी बाजार समितीत गेलो. काट्याशेजारी उभा होतो आणि समोरून पाठीवर पोतं घेऊन सागर आला. मला पाहून हसला आणि पुढे थप्पीकडे गेला. तो आडतीवर हमालीला जातो हे मला माहीत होतं. सुगीत ते काम किती होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. संध्याकाळी दोघांनी मोजलं. पन्नास-साठ किलोची पोती, दिवसाला 180 च्या आसपास. जवळपास दहा टन. आणि त्यानंतर तो माझ्या सांगण्यावरून जिममध्ये बैठका काढत होता.

"अरे, सांगायचंस की."

"कामाला कोण व्यायाम म्हणतंय सर?"

खरं तर वहीत सगळे आकडे होते. वाढलेली नाडी, वाढलेली वेळ, कमी झालेली झोप. मी त्यांचा अर्थ 'अजून पळव' असा लावला, कारण माझ्या डोक्यात त्याच्या दिवसाची सुरुवात मैदानावर आणि शेवट जिममध्ये होत होता. मधले सात तास माझ्या हिशेबातच नव्हते.

इथला निर्णय सोपा नव्हता. सुगीची हमाली म्हणजे त्या घराची वर्षाची निम्मी कमाई, आणि वडील नाहीत. काम सोड म्हणणं माझ्या तोंडात शोभलं नसतं. पळणं बंद केलं तर सप्टेंबरपर्यंतचं सगळं पाण्यात. उरली वजनं. जिम पूर्ण बंद केली तर गोळा पुन्हा पडेल, अशी त्याला भीती होती, आणि जूनचा अनुभव पाहता ती खोटी नव्हती.

मला वाटलं, पाय, पाठ आणि पकड यांची ताकद पोती सांभाळतील. पण ओझं वाहणं म्हणजे झटका नव्हे. पोतं सावकाश चालतं, गोळा हातातून सुटायचा असतो. म्हणून पाऊण महिना पायांची वजनं बंद केली आणि बुधवार-रविवार पहाटे फक्त बारा-पंधरा फेकी ठेवल्या, पूर्ण जोराच्या, प्रत्येकीनंतर भरपूर थांबून. आठवड्यात एकच कठीण पळणं, तेही रविवारी, कारण रविवारी बाजार बंद. बाकीच्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटं आरामात, नाहीतर झोप. दिवाळीत बाजार बंद असताना पाच दिवस त्याने काहीच केलं नाही, चकल्या खाल्ल्या.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आवक ओसरल्यावर चाचणी घेतली. सोळाशे 5:36, गोळा 8.30. कमी काम करून दोन्ही पुढे सरकले होते. खोटं कशाला बोलू, हे आकडे पाहून मला आनंदापेक्षा शरम जास्त वाटली.

दुसरा टप्पा आणि मैदान

जानेवारीपासून पुन्हा दोन जड सत्रं सुरू केली, पण बैठकांचे संच कमी आणि उड्या जास्त. वाळू भरलेल्या जुन्या बास्केटबॉलची फेकाफेक. सोमवारच्या फेऱ्या हळूहळू 80 सेकंदांवर आणल्या. 5:10 साठी प्रत्येक फेरी साडेसत्याहत्तर सेकंदांत लागते, तिथपर्यंत आम्ही कधी पोचलो नाही. मार्चमध्ये फॉर्म निघाले, त्याने राज्य राखीव दलाचाही भरला. तिथे मैदान 100 गुणांचं आणि पाच किलोमीटरला एकट्याला 50. त्यासाठी वेगळी तयारी करायची का यावर आम्ही एक संध्याकाळ घालवली आणि नाही ठरवलं. शनिवारच्या आठ किलोमीटरमधून जे येईल ते येईल.

2024 ची मैदानी चाचणी 19 जूनला सुरू झाली, ऐन पावसात. 17 हजारांवर जागा आणि 17 लाखांवर अर्ज. सागरची तारीख पावसाने सहा दिवस पुढे गेली. शेवटच्या दहा दिवसांत काम उतरवत आणलं होतं, ते सगळं गणित विस्कटलं. त्याला मधल्या दिवसांत एकदा पूर्ण सोळाशे पळून बघायचं होतं. मी नको म्हटलं. दोन दिवस 60 मीटरच्या चार-चार दौडी, एकदा 400 च्या दोन फेऱ्या, आठ फेकी, बाकी आराम. हा निर्णय बरोबर होता का, हे ठरवायला दुसरा सागर नाही. पण पाय ताजे होते, असं तो म्हणाला.

सोळाशे 5:24. मैदान ओलं होतं, वळणावर चिखल. गोळा 8.62, पैकीच्या पैकी. शंभर मीटर 13.1. वजन 76. लेखीच्या यादीत नाव आलं. राखीव दलाच्या मैदानात पाच किलोमीटरने हात दिला नाही, तिथे नाव आलं नाही.

लेखीत तो तीन गुणांनी राहिला.

वेगळं काय केलं असतं

लेखीपासून सुरुवात करतो. वर्षभराच्या त्या वहीत अभ्यासाचा एकही रकाना नव्हता. दमलेला मुलगा रात्री पुस्तक उघडतो आणि त्याच पानावर झोपतो, हे मी पंधरा वर्षं पाहतोय. पळणं आणि वजनं यांचा तोल साधताना आम्ही दोघं इतके गुंतलो की थकवा ही एकच थैली आहे आणि अंकगणितही तिच्यातूनच पैसे काढतं, हे विसरलो. एखाद्या आठवड्यातला शुक्रवार सोडून दिला असता तर सोळाशेला फार तर दोन-तीन सेकंद जास्त लागले असते.

गोळ्याचं तंत्र मी उशिरा घेतलं. सागर जागेवर उभं राहूनच फेकत होता. मागून सरकत येऊन फेकायला मी त्याला फेब्रुवारीत शिकवलं आणि दीड महिन्यात गोळा तीसेक सेंटीमीटर पुढे गेला. त्याला ना ताकद लागली, ना थकवा आला. हे पहिल्याच महिन्यात करायचं होतं. शंभर मीटरचंही तसंच. तिथे पूर्ण गुण मिळणार नाहीत म्हणून मी तो प्रकार तिसऱ्या नंबरावर टाकला, पण पायरीपायरीने गुण असतात तिथे एक पायरीही मोलाची. आठवड्यात एकऐवजी दोन दिवस दौडी ठेवल्या असत्या तर कदाचित एक पायरी चढला असता. बॅचमधले एक जुने सैनिक उलटं म्हणतात, त्याने नडगी पुन्हा धरली असती. असेलही.

आणि ऑक्टोबर. आता बॅचमध्ये नवा मुलगा आला की मी आधी धावायला लावत नाही. काल किती वाजता उठलास, काय खाल्लंस, दुपारी कुठे होतास, झोपलास कधी, एवढं विचारतो. कोणी ऊसतोडीला जाऊन आलेलं असतं, कोणी रात्री पेट्रोल पंपावर उभं असतं. एका मुलीने सांगितलं, दोन किलोमीटरवरून पाण्याचे हंडे आणते. तिची वजनं मी निम्मी केली आणि तिच्या 800 मीटरची वेळ खाली आली.

सागर पुढच्या भरतीच्या तयारीला लागलाय. नवी वही त्यानेच आणली, रकानेही त्यानेच आखले: पळणं, वजनं, पोती, अभ्यास. पोत्यांच्या रकान्यात काल 60 लिहिलंय, अभ्यासाच्या रकान्यात दीड तास, आणि पळण्याच्या रकान्यात रेघ.